बियरच्या कॅनमधला हायड्रोजन

कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात ॲल्युमिनियम टाकलं की हायड्रोजन सुटतो, हे मी लॅब असिस्टंट म्हणून कैक बॅचेसना दाखवलंय. पण फोंड्याच्या आमच्या लॅबमध्ये खुद्द भंगारवाला बघायला थांबला, असं त्या दिवशी पहिल्यांदाच झालं. मुलांच्या प्रोजेक्टसाठी कळंगुटकडचे बियरचे रिकामे कॅन त्यानेच आणून दिले होते.

सुरुवातीला ढिम्म. कॅनला बाहेरून रंग, आतून लेप, कॉस्टिक शिरणार कुठून? मुलांनी पॉलिश पेपरने रंग खरवडला, तेव्हा कुठे कापलेल्या कडेवर बुडबुडे धरले आणि बघता बघता सगळं फसफसायला लागलं. ही अभिक्रिया भयंकर तापते, म्हणून बीकर आधीच गार पाण्याच्या टबात ठेवला होता. धातू पार विरघळला आणि आतल्या लेपाचा पारदर्शक पापुद्रा तेवढा कॅनच्या आकारात तरंगत राहिला. पोरं टाळ्या पिटत होती, भंगारवाल्याचा चेहरा मात्र पडला. डोळ्यांदेखत माल गेला ना!

गॅस साबणाच्या पाण्यात सोडून फेसाला लांबून काडी लावली. फट्ट! (खिडक्या सताड उघड्या होत्या. हवेत 4 ते 75 टक्के हायड्रोजन असला की तो पेट घेतो, तिथे हयगय नको.)

"सर, पण मिळालं किती?"

फळ्यावर हिशेब मांडला. कॅन साधारण 14 ग्रॅमचा, त्यातून दीड ग्रॅम हायड्रोजन, म्हणजे 19 लिटरच्या आसपास गॅस. फ्युएल सेलमधून (हायड्रोजनपासून थेट वीज करणारं उपकरण) निम्मी ऊर्जा वीज म्हणून हाती आली, तर 9 वॉटचा दिवा जेमतेम तीन तास. उलट तेवढं ॲल्युमिनियम खनिजापासून नव्याने करायला याच्या कितीतरी पट वीज जाते, आणि भंगार वितळवून करायला त्या विजेच्या जेमतेम 5 टक्के ऊर्जा पुरते.

"मग विरघळवताय कशाला? भट्टीला द्या की!" भंगारवाला म्हणाला.

बरोबरच होतं त्याचं. प्रोजेक्टच्या कागदावर 'टाकाऊपासून इंधन' असं झोकात लिहिलं होतं, पण स्वच्छ कॅन टाकाऊ नसतोच. मी विचारलं, भट्टीवाले काय घेत नाहीत? तो म्हणाला, गोळ्यांच्या स्ट्रिपा. फॉइल पातळ, त्याला प्लास्टिक चिकटलेलं, भट्टीत निम्मं जळून जातं. गोव्यात औषधांचे कारखाने थोडे नाहीत, त्यामुळे हा माल त्याच्याकडे पडून असतो.

दुसऱ्या दिवशी स्ट्रिपांचं पोतं दारात. पैसे विचारले तर म्हणाला, "नको सर, फक्त उरलेलं प्लास्टिक मला परत द्या."