‘रिपोर्ट येऊ दे’ – विषबाधेतल्या डायलिसिसचा माझा अनुभव

कोकणातल्या जिल्ह्याच्या ठिकाणी डायलिसिसचं मशीन आता असतं. मांडीच्या किंवा मानेच्या शिरेत डबल ल्युमेन कॅथेटर (दोन मार्गांची नळी) बसलं की पुढचं काम रोजचंच. घोडं अडतं ते एका वाक्यावर: ‘लेव्हलचा (रक्तातल्या विषाच्या प्रमाणाचा) रिपोर्ट येऊ दे, मग बघू.’ गावठी दारूत मिथेनॉल (विषारी अल्कोहोल) होतं का, ही तपासणी इथे आसपास कुठे होत नाही. सँपल मुंबईला जाणार, उत्तर कधीतरी येणार आणि तोवर माणसाची नजर जाणार. हे वाक्य ऐकलं की अजून डोकं फिरतं. मुंबईत मालाडच्या मालवणीत 2015 साली असल्याच दारूने शंभरावर माणसं गेली.

मिथेनॉलचं शरीरात फॉर्मिक ॲसिड होतं. डोळ्याची नस तेच मारतं. म्हणून एबीजी (धमनीतल्या रक्ताची आम्लतेची तपासणी) आणि इलेक्ट्रोलाइट्स (रक्तातले क्षार) बघा. सोडियममधून क्लोराइड आणि बायकार्बोनेट वजा करून 24 च्या वर आलं, रक्ताचा पीएच 7.15 किंवा खाली असला, डोळ्यांपुढे धुकं आलं, फिट आली, तर मशीन लावा. दारू जोरात चढलेल्या माणसात मात्र ही वजाबाकी, म्हणजे ॲनायन गॅप, सुरुवातीला नॉर्मल येते, कारण इथेनॉल (पिण्याच्या दारूतलं अल्कोहोल) असेपर्यंत ॲसिड फारसं बनत नाही. काही तासांनी परत काढा. पोलिसांची सीलबंद नमुन्याची बाटली कोर्टासाठी असते, तिच्यासाठी उपचार कसले थांबवता?

मशीनमधून रक्त मिनिटाला 250-300 मिली, डायलिसेट (रक्त धुणारं द्रावण) 500, आणि चार तासांवर उरकू नका, आठ लागतात. बहुतेकांची किडनी धड असते, म्हणून पोटॅशियम आणि फॉस्फेट घसरतं. उतारा म्हणून इथेनॉल चालू असेल तर तेही धुतलं जातं, डोस साधारण दुप्पट लागतो.

आंब्यावर फवारायचं ऑर्गनोफॉस्फेट कीटकनाशक, पिवळ्या कण्हेरीची बी, यांना मशीन मागू नका. विष रक्तात कमी, ऊतींत जास्त असतं. पॅराक्वाट तणनाशकाला कोळशाच्या कार्ट्रिजचं हिमोपर्फ्युजन (रक्त त्या कोळशातून गाळणं), तेही पहिल्या चारेक तासांत, आणि तरी खात्री नाही. गरज नसताना ऑक्सिजन लावलात तर फुप्फुसं आणखी बिघडतात.

लिथियमचं, म्हणजे मानसिक आजारावरच्या औषधाच्या विषबाधेचं, राहिलं. हिरव्या झाकणाच्या ट्यूबमध्ये लिथियम हेपारिन असतं, त्यात सँपल घेतलं तर लेव्हल खोटी चढते. लाल झाकण घ्या. मशीन काढल्यावर 6 ते 12 तासांनी परत तपासा, पेशींतलं बाहेर येतं.

आणि पावसात लाइट गेली, बॅटरीही बसली, तर मशीनच्या रक्ताच्या पंपाला दांडा लावून बाणाच्या दिशेने हाताने फिरवा, रक्त आधी परत द्या.