दुतोंड्या मारुती, दोन निगेटिव्ह आणि एक रात्र

नाशिकला गंगेला, म्हणजे गोदावरीला, पाणी चढलं होतं त्या सकाळी घाटावरून नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीचे फोटो दोन कॅमेऱ्यांनी काढले होते. पेंटॅक्स के-१००० वर ५० मिलिमीटरची लेन्स, यशिका मॅटची ८० ची. फिल्म दोन्हीत एचपी५, डेव्हलपर डी-७६, वेळ आणि तापमान तेच. परवा रात्री दोन्हींचे ८ बाय १० इंची प्रिंट लागोपाठ काढले.

पेंटॅक्सच्या पस्तीस एमएम निगेटिव्हची २४ मिलिमीटरची बाजू कागदावर २०३ होते, म्हणजे साडेआठ पट. यशिकाच्या सहा बाय सहा सेंटिमीटर निगेटिव्हची ५६ ची बाजू २५४ होते, साडेचार पट. एक्स्पोजर, म्हणजे कागदावर प्रकाश पाडायचा वेळ, पटीत एक मिळवून त्याच्या वर्गाने वाढतं. एन्लार्जरची (निगेटिव्ह कागदावर मोठं करून पाडणाऱ्या यंत्राची) लेन्स दोन्ही वेळा एफ ८ वर, म्हणजे तिचं छिद्र तेवढंच उघडं. मोठ्या निगेटिव्हला ९ सेकंद लागले होते, म्हणून पस्तीसला २७ धरले. टेस्ट स्ट्रिपवर (वेगवेगळ्या वेळा आजमावायच्या कागदाच्या पट्टीवर) २५ चांगले दिसले. हिशोब इतका जवळ आला याचा फार आनंद झाला.

खरा फरक पाण्यात होता. मारुतीच्या कडा, देवळांचे कळस दोन्ही प्रिंटवर कुरकुरीत आहेत. तिथे हातभर अंतरावरून डावं-उजवं करता येत नाही. पण पुराचं गढूळ पाणी आणि आषाढातलं आभाळ म्हणजे नुसता मधला करडा. पस्तीसच्या प्रिंटवर तिथे रव्यासारखे दाणे उठले. सहा बाय सहावर तेच पाणी जड, सलग वाहताना दिसतं. भोवऱ्यांचे फिकट-गडद पदर वेगळे निघतात. मला वाटतं, आपण मोठ्या निगेटिव्हची तारीफ शार्पनेससाठी करतो आणि करड्या छटांची करायची राहून जाते.

मग पस्तीसचाच ५ बाय ७ काढला. तिथे वाढ फक्त ५.३ पट, आणि दाणे जवळजवळ गेले! हा आणि सहा बाय सहाचा ८ बाय १० शेजारी ठेवले तर पोत एकाच घरातला वाटतो. पस्तीसवाल्यांनी लहान कागदाला कमी लेखू नये.

एका गोष्टीत मात्र छोटं निगेटिव्ह जिंकलं. फोटो काढताना दोन्ही कॅमेरे एफ ८ वर होते. पस्तीसमध्ये पुढच्या पायऱ्याही स्पष्ट आहेत, यशिकाच्या फ्रेममध्ये त्या मऊ पडल्या. जवळपासून लांबपर्यंत तेवढीच स्पष्ट खोली हवी तर यशिकाला एफ ११ आणि १६ च्या मधे जायला हवं होतं.

धूळही पटीनेच वाढते. पस्तीसच्या आभाळात एक तंतू आला, ब्लोअर मारून प्रिंट पुन्हा केला.

आता सहा बाय सहाचा ११ बाय १४ करायचाय. पट ६.४ येते, पस्तीसच्या साडेआठपेक्षा कमीच, म्हणजे पाणी तरीही सलग राहायला हवं. माझे प्रिंट धुवायचे ट्रे १० बाय १२ चे आहेत, मोठे शोधतोय.