उतरून बघावी गाडी

दुपारी तीनच्या सुमारास सोसायटीच्या पार्किंगमध्ये सहसा काही घडत नाही. वॉचमन खुर्चीत पेंगतो, मांजर कुणाच्या तरी गाडीखाली सावली धरून पडलेलं असतं. अशात एक चकचकीत सेडान येऊन थांबते. इंजिन बंद होतं, पण बराच वेळ आतून कुणी उतरत नाही. मग दार उघडतं, एक पाय बाहेर येतो, थोडा थांबतो. एक हात दाराच्या चौकटीला, दुसरा गुडघ्यावर, मान वाकवून डोकं छताखालून सोडवणं, आणि शेवटी ते "आई गं".

या उद्गारावरून न बघताही गाडी ओळखता येते. सेडानमधून उतरताना "आई गं", उंच एसयूव्हीत चढताना "हुश्श". मधल्या उंचीची गाडी असेल तर काहीच ऐकू येत नाही. पन्नाशीत तीच घ्यावी.

शोरूममध्ये मात्र सगळे बसून बघतात. स्टिअरिंगवर हात फिरवतात, स्क्रीनवर बोट सरकवतात, "वा, मस्त" म्हणतात. गाडी उतरून बघायची असते हे कुणाच्या मनात येत नाही. एकदा नाही, दहादा उतरून बघावी. पहिल्या तीन वेळा आपण ऐटीत उतरतो, खरं काय ते आठव्या वेळी कंबर सांगते.

यामागे साधं गणित आहे. जेवणाच्या टेबलाची खुर्ची जमिनीपासून साधारण ४५ सेंटीमीटर उंच असते आणि तिच्यावरून आपण बिनतक्रार उठतो, कारण पाय सरळ खाली टेकलेले असतात. सेडानची सीट खुर्चीपेक्षा फार खाली नसते, पण तिच्यात पाय पुढे पसरलेले असतात आणि छप्पर डोक्यावर उतरलेलं असतं. म्हणजे गुडघा, कंबर आणि मान तिघांनी एकाच क्षणी वाकायचं. सीटवर आडवं वळून दोन्ही पावलं जमिनीवर टेकवावीत. मांड्या किंचित खाली उतरत्या राहिल्या तर गाडी आपली. गुडघे कमरेच्या वर गेले, तर ती पोराच्या लग्नानंतर पोरालाच द्यायची गाडी. पावलं टेकलीच नाहीत, तर घरातली बुटकी माणसं तिच्यात रोज उडी मारून उतरणार.

उंबरठाही बघावा. गाडीलाही उंबरठा असतो, दाराखालची ती पट्टी. काही गाड्यांत ती इतकी रुंद असते की पाय ओलांडून टाकावा लागतो. पावसाळ्यात तिच्यावरचा सगळा चिखल पँटच्या पोटरीला किंवा साडीच्या निऱ्यांना पुसला जातो. दार खालपर्यंत येऊन उंबरठा झाकत असेल तर कपडे वाचतात. हे कुठल्याच माहितीपत्रकात छापत नाहीत.

आपल्या पिढीला गाडीत बसण्याची खरी तालीम फियाटने दिली. कागदोपत्री ती प्रीमियर पद्मिनी, कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली, १०८९ सीसीची, पण पद्मिनी कुणी म्हणत नसे. गियरचा दांडा स्टिअरिंगच्या दांड्यावर, त्यामुळे पुढे अखंड बाकावर तिघं. मागे चौघं, त्यांच्या मांडीवर दोघं, आणि सगळ्यात धाकटं पुढच्या बाकाची पाठ धरून उभं. उन्हात तापलेलं रेक्झीन अर्ध्या चड्डीखालच्या मांड्यांना चिकटायचं आणि उठताना चर्रकन आवाज व्हायचा. घाटमाथ्यावर बॉनेट उघडून वाफ जाऊ द्यायची, मग रेडिएटरमध्ये पाणी. तेवढ्यात मोठ्यांचा चहा. १४ डिसेंबर १९८३ ला मारुती ८०० आली, ७९६ सीसीची, बारा इंची चाकांची, आणि सगळे म्हणाले, काडेपेटी आहे. मग त्या काडेपेटीतही सहा जण बसू लागले.

त्या गर्दीत आजी मात्र शहाणी. ती कधी पाय आधी घालून बसली नाही. दाराकडे पाठ करायची, सीट मागून लागली की बूड टेकायची आणि मग नऊवारी सावरत दोन्ही पाय एकत्र आत घ्यायची. गुडघ्याची किंवा खुब्याची शस्त्रक्रिया झालेल्यांना फिजिओथेरपिस्ट आज हेच शिकवतात. त्यात एक भर: सीटवर प्लास्टिकची पिशवी अंथरली की बूड सहज फिरतं. चालू लागण्याआधी ती काढून घ्यायची, नाहीतर ब्रेक लागला की माणूस पुढे घसरतो.

बाहेरच्या मापांचं एक त्रांगडं आपल्या कररचनेतून आलं आहे. लांबी चार मीटरच्या आत आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत किंवा डिझेल १५०० पर्यंत असेल तर ती छोटी गाडी. २२ सप्टेंबर २०२५ पासून तिच्यावर जीएसटी १८ टक्के आणि त्यापुढच्या गाड्यांवर ४०. म्हणून कित्येक गाड्या ३९९५ मिलिमीटरवर श्वास रोखून उभ्या असतात. पुढे इंजिन हवंच, माणसांचे गुडघे कापता येत नाहीत, मग कात्री डिकीला लागते. लांबी वाढवता येत नाही तर उंची वाढवा, हा त्यावरचा सरळ तोडगा. वॅगन आर जेमतेम ३६५५ मिलिमीटर लांब, पण १६७५ उंच. दिसायला उभा डबा, पण त्या डब्यातून उतरताना कुणी "आई गं" म्हणत नाही. जाहिरातीत गाडी डोंगरमाथ्यावर उभी असते. आपली पार्किंगच्या दोन खांबांमध्ये उभी राहणार असते. तिथे टेप घेऊन जावं. गाडीची छापील रुंदी बहुधा आरसे सोडून असते, आणि दार नीट उघडायला बाजूला साठेक सेंटीमीटर लागतात. पार्किंग यांत्रिक असेल तर उंचीची आणि वजनाची मर्यादा पाटीवर लिहिलेली असते. ती बुकिंगच्या आधी वाचावी.

डिकीचे लिटर विचारू नयेत, तोंड बघावं. चारशे लिटरची डिकी आणि तोंड टपालपेटीएवढं, तर गणपतीला गावी जाताना मखराचा खोका मांडीवरच येणार. डिकीचा काठ जितका उंच तितकी बॅग उचलून आत टाकताना पाठ वाकडी. काठ आणि तळ सपाटीला असले तर बॅग नुसती सरकवता येते. घरात घडीची व्हीलचेअर असेल तर ती घेऊनच शोरूममध्ये जावं. घडी घातल्यावरही ती पंधरा किलोच्या आसपास भरते आणि आडवी मावेल असं वाटत असताना हँडल अडकतं. सीएनजीचा विचार असेल तर साठ लिटरची टाकी डिकीत झोपते आणि बॅगा पाहुण्यांसारख्या मागच्या सीटवर येतात. दोन छोट्या टाक्या तळाशी बसवलेल्या गाडीत थोडी जागा उरते. टाकीची दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाची चाचणी, करायची असते, हे विकणारा हमखास विसरतो.

आणि डावा गुडघा. शहरातल्या ट्रॅफिकमध्ये क्लच दाबून दाबून तो कुरकुरू लागला की माणूस ऑटोमॅटिककडे वळतो. इथे 'ऑटोमॅटिक' या एकाच शब्दाखाली चार वेगळे प्राणी विकले जातात. एएमटी सगळ्यात स्वस्त. आत गियरबॉक्स नेहमीचाच, फक्त क्लच आणि गियरचं काम एक यंत्र करतं. गियर बदलताना ते क्षणभर विचारात पडतं आणि गाडीतले सगळे एकदम मान डोलावतात. चढावर रांगेत नुसत्या ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरली तर तिचाही क्लच जळतो. तिथे हँडब्रेक लावावा. सीव्हीटीत गियरऐवजी पट्टा आणि पुल्या. अगदी मऊ, पण पाय जोरात दिला की इंजिन आधी ओरडतं आणि गाडी मग निघते. टॉर्क कन्व्हर्टर तेलातून ताकद पोचवतो, महाग पडतो, पण घाटात निवांत. डीसीटीत क्लच दोन. त्यातला कोरड्या क्लचचा हायवेवर उत्तम, आणि इंचाइंचाने सरकणाऱ्या रांगेत तापणारा. रोजच्या भाजी-बँक-दवाखान्यासाठी एएमटीने काही बिघडत नाही. दर पंधरा दिवसांनी घाट चढायचा असेल तर जास्तीचे पैसे गुडघ्यासाठी ठेवलेले बरे. कुठलीही घेतली तरी उतारावर खालचा गियर धरता येतो का ते विचारावं. ब्रेकवर पाय ठेवून घाट उतरणाऱ्यांच्या चाकांचा वास मागच्या गाडीपर्यंत येतो.

डिझेल? रोज तीन किलोमीटर जाणाऱ्याने त्याच्या वाटेला जाऊ नये. प्रदूषणाचे बीएस-सहा नियम पाळणाऱ्या डिझेल गाडीच्या धुराड्यात काजळीची गाळणी असते. ती स्वतःला जाळून साफ करते, पण त्यासाठी गाडी पंधरा-वीस मिनिटं सलग बऱ्या वेगाने पळावी लागते. नुसत्या गल्लीतल्या फेऱ्यांनी ती तुंबते आणि दिवा पेटतो.

चाळिशीचा प्रश्न वेगळाच. रस्ता लांबचा, स्क्रीन हातभर अंतरावर. दूरच्या चष्म्यातून स्क्रीन पुसट, जवळच्यातून ट्रक पुसट. त्यात एसी कमी करायला स्क्रीनमध्ये तीन पायऱ्या उतराव्या लागत असतील तर ती गाडी पंचविशीतल्या मुलांनी पंचविशीतल्या मुलांसाठी केली आहे असं समजावं. न बघता हाताला सापडणारी गोल खुंटी ज्या गाडीत आहे, तिला माझ्याकडून पाच मार्क जास्त. सनरूफला शून्य. ते मागच्या माणसाच्या डोक्यावरची दोन-तीन बोटं जागा खातं, पाणी जायच्या नळ्या पानांनी तुंबल्या की भर पावसात छताचं कापड ओलं होतं, आणि एवढं करून पोरं त्यातून डोकं बाहेर काढतात, जे काढू नये.

टेस्ट ड्राइव्हला एकटं जाऊ नये. शोरूमवाला गुळगुळीत रस्त्यावरून दोन किलोमीटर फिरवून आणतो. आपण चार माणसं भरावीत, एसी लावावा, आणि बेसमेंटच्या चढावर गाडी थांबवून पुन्हा उचलावी. मग खड्ड्यांचा रस्ता मागावा आणि त्या वेळी स्वतः मागे बसावं. गाडी चालवणाऱ्याची पाठ आणि मागे बसणाऱ्याची पाठ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मागच्या सीटचा पुढचा भाग मांडीला टेकू देतो की मांड्या अधांतरी राहतात, हे तासाभराने कळतं, पण अंदाज दहा मिनिटांत येतो. आणखी एक: टॉप मॉडेलला मोठी, देखणी चाकं असतात आणि त्यांच्यावरचं रबर पातळ असतं. खड्डा लागला की तो सरळ मणक्याला कळतो. त्याच गाडीचं मधलं मॉडेल, जाड टायरचं, पुष्कळदा जास्त सुखाचं आणि लाखभराने स्वस्तही. पसंत पडली की मग जाड सीटकव्हरचा आग्रह मोडून काढावा. सीटच्या कडेतून उघडणाऱ्या एअरबॅगला साधं कव्हर अडवतं.

एवढं सगळं मोजून-मापून गाडी दारात येते, चाकांखाली लिंबं ठेवली जातात, पेढे वाटले जातात, आणि प्रत्येक जण एकच विचारतो: "ॲव्हरेज किती देते?"

बहुतेक गाड्यांत तीन दारांवर छताला हँडल असतं, ड्रायव्हरच्या डोक्यावर मात्र नसतं. दहा वर्षं वापरलेली गाडी बघितली तर ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर, डोक्याच्या थोडं खाली, चार बोटांएवढा पट्टा गुळगुळीत झालेला दिसतो.