कातडं कमावणाऱ्याचा कोपरा

डब्लिनहून सुटलेली गाडी तासाभराच्या आत पोर्टार्लिंग्टनला पोचते. फलाटावरच्या पाटीवर आधी आयरिश नाव, खाली इंग्रजी. इंग्रजी नाव कुणा लॉर्डवरून पडलेलं. आयरिश नाव मात्र 'कूल अन तूदरे', म्हणजे कातडं कमावणाऱ्याचा कोपरा! (मी 'सूदरे' वाचलं. लिहिलेला 'स' इथे बोलायचाच नसतो म्हणे.) कॉफी देणाऱ्या मुलीला विचारलं, इथे कुणी कातडं कमावतं का? ती म्हणाली, "ते नावात होय? शाळेत शिकवलं होतं खरं."

गावोगावी हा धंदा होता. कातडं चुन्याच्या पाण्यात भिजवायचं, केस खरवडायचे, मग कुटलेल्या ओकच्या सालीबरोबर थरावर थर रचून कुंडात वर्षभर मुरवायचं. बॅरो नदीच्या काठी ओकची गळून पडलेली सालीची ढलपी सापडली, ती मी चक्क चावून पाहिली. हिरडा! जीभ तशीच आवळली. आपल्याकडे कोल्हापुरीचं कातडं हिरडा आणि बाभळीच्या सालीत कमावतात, ते उगाच नाही. पश्चिमेकडे, जिथे ओकच नाहीत, तिथे टॉर्मेंटिल नावाच्या रानफुलाच्या मुळ्या वापरत. आणि अरन बेटांवर कमावण्याच्या भानगडीतच न पडता केसांसकट कच्च्या कातड्याच्या वहाणा करत. वाळल्या की लाकूड होतात, म्हणून सतत ओल्या ठेवायच्या.

आधीच जंगलं तुटून ओक संपत आले होते. त्यात 1884 मध्ये अमेरिकेत सालीऐवजी क्रोमियमच्या क्षारांनी कातडं कमावण्याची पद्धत आली आणि वर्षाचं काम दिवसांवर आलं. खेड्यातली कुंडं त्यापुढे टिकणार कशी?

दुसऱ्या दिवशी वॉटरफर्डहून पोर्टलॉला गेलो. इथल्या जुन्या सूतगिरणीच्या जागी 1930च्या दशकात चामड्याचा कारखाना निघाला. बाहेरच्या मालावर जकात होती तोवर चालला. 1973 मध्ये आयर्लंड युरोपच्या सामायिक बाजारात गेला, आणि 1980च्या दशकात कारखान्याला कुलूप लागलं. मेफील्ड हाउस या हवेलीत त्याची कचेरी असे. आता छप्पर नाही, मनोरा तेवढा उभा आहे. मला तो लांबूनच बघावा लागला. येताना रस्ताभर गाईच गाई चरत होत्या. त्यांची कातडी आता बहुतेक परदेशात जाऊन कमावली जातात.

रात्री खिसा रिकामा केला. ओल्या सालीने रुमालावर तपकिरी डाग पडला होता, आणि किल्ली टेकली होती तिथे शाईसारखा काळा. साबणाने घासलं, जाईना.