बसतो, पण चालतो का?

जुन्या टू-स्ट्रोक दुचाकीचं इंजिन दुसऱ्यांदा खोललं, तेव्हा टेबलावर दोन बेअरिंग शेजारी ठेवून मी बराच वेळ बघत बसले होते. दोन्हींचा नंबर ६२०४. आतला व्यास २० मिमी, बाहेरचा ४७, रुंदी १४. फरक एवढाच, की आधीच्या बेअरिंगवर नंबरापुढे बारीक ‘सी३’ कोरलेलं होतं. मी आणलेल्यावर ते नव्हतं.

नवीन बेअरिंग इंजिनच्या केसमध्ये, म्हणजे बाहेरच्या कवचात, अगदी मापात बसलं होतं, क्रँकही (पिस्टनमुळे फिरणारा दांडा) हाताने हलकी फिरत होती. पण इंजिन तापलं की आवळायचं आणि थंड झालं की पुन्हा ठीक. कार्ब्युरेटर साफ केला, टायमिंग तपासलं, त्यात दोन रविवार गेले. दोष त्या दोन अक्षरांत होता. सी३ म्हणजे आतल्या गोळ्यांना नेहमीपेक्षा जास्त मोकळीक. आतली कडी क्रँकवर दाबून बसवलेली, बाहेरची केसमध्ये आवळलेली, त्यात आतली कडी जास्त तापून फुगते. साध्या बेअरिंगमध्ये तेवढी जागा उरत नाही.

तेव्हापासून नुसतं गाडीचं नाव सांगून पार्ट मागायचं मी सोडलं. माप आणि त्यावर कोरलेलं सगळं, अक्षर न् अक्षर, लिहून नेते. जुना पार्ट कितीही गंजलेला असो, नवीन बसून गाडी नीट चालेपर्यंत टाकत नाही. मात्र झिजलेल्या पार्टचं माप फसवतं. ऑइल सीलचं रबर ताणलेलं असतं, म्हणून मी शाफ्ट आणि सीलची बैठक मोजते.

सगळ्यात जास्त जीव खाल्ला पिस्टनने. दुसऱ्या मॉडेलचा पिस्टन बोअरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या व्यासाला, जुळला, गजन पिनही (पिस्टनला कनेक्टिंग रॉडशी जोडणारी) जुळली. पण पिनच्या मध्यापासून माथ्यापर्यंतची उंची मोजली, तर दीड मिलिमीटर जास्त! म्हणजे तो हेडला, सिलिंडरच्या वरच्या झाकणाला, लागला असता. उंची जुळणारा दुसरा मिळाला, तर त्याच्या रिंगची खुंटी भलत्या जागी. टू-स्ट्रोकमध्ये ही खुंटी रिंगची फट पोर्टपासून, म्हणजे सिलिंडरच्या भिंतीतल्या खिडकीपासून, लांब ठेवते. फट पोर्टवरून गेली तर रिंगचं टोक बाहेर येऊन अडकतं आणि सिलिंडर जातो. तोही परत केला. तिसरा पिस्टन जुळला, ०.५० ओव्हरसाइझ (मूळ मापापेक्षा अर्धा मिमी मोठा), आणि सिलिंडर त्या पिस्टनच्या मापाने बोअर करून, म्हणजे आतून कोरून मोठा करून घेतला. आधी पिस्टन हातात, मग बोअरिंग. हा क्रम उलटा करू नका, अगदी कळकळीने सांगते.

चेनचंही तसंच. ४२० आणि ४२८ नंबरच्या चेन, दोन्हींचा पिच (लागोपाठच्या दोन पिनांमधलं अंतर) १२.७ मिमी, पण ४२० आतून अरुंद. ४२८च्या स्प्रॉकेटवर (चेनच्या दातेरी चाकावर) ती बसायची नाही.

सध्या क्लच केबलवर अडलंय. केबलची दोन मापं लागतात: बाहेरच्या आवरणाची लांबी आणि आतली तार किती बाहेर येते ती. माझी तार टोकाला तुटली आहे, त्यामुळे दुसरं माप लिव्हर आणि क्लचच्या आर्मवरूनच काढावं लागणार.