बालसंगोपनाचे थकलेले हप्ते घेऊन मुंबईला : माझा अनुभव

आई किंवा वडील गमावलेल्या, अडचणीतल्या मुलांना घरीच वाढवता यावं म्हणून सरकार मुलामागे दरमहा पैसे देतं, ती बालसंगोपन योजना. तिचा दर 2023 मध्ये महिन्याला 1100 रुपयांवरून 2250 झाला, तेव्हा आमच्या तालुक्यातल्या बायकांनी पेढे वाटले. त्याच्या दोनच वर्षं आधीपर्यंत हा दर 425 रुपये होता. ही वाढ व्हावी म्हणून राज्यभरातल्या कितीतरी संस्था भांडल्या होत्या. कोविडमध्ये नवरा गेलेल्या बायकांसोबत काम करणाऱ्यांनी तर पाठच सोडली नव्हती. आमचा वाटा सह्या गोळा करण्यापुरता. आमच्यावर खरं काम पडलं ते पेढे वाटून झाल्यावर.

कारण साधा हिशेब. 1100 रुपयांनी एका मुलाचे वर्षाला 13,200 होतात, 2250 ने 27,000. हजार मुलांना आधी 1 कोटी 32 लाख पुरत होते, आता 2 कोटी 70 लाख लागतात. दर दुपटीने वाढला आणि तरतूद त्या पटीत वाढली नाही, तर बारा महिन्यांचे पैसे सहा महिन्यांत संपणार. त्यात दर वाढल्याचं कळल्यावर नवे अर्जही धडाधड आले. आमच्या जिल्ह्यात हप्ते अडकायला लागले. जिल्ह्याच्या महिला व बाल विकास कार्यालयात विचारलं की एकच उत्तर : "बीम्सवर निधी आला नाही, ताई." निधीचं वाटप ज्या संगणक प्रणालीवर होतं ती ही बीम्स. तिच्यावर रक्कम दिसेपर्यंत जिल्ह्याच्या अधिकाऱ्याचेही हात बांधलेले असतात, हे मलाही तेव्हाच कळलं.

आम्ही एकल पालक कुटुंबांसोबत काम करणारी छोटी संस्था. अर्ज भरून देणं, गृहचौकशीच्या वेळी सोबत असणं, मंजुरीचा आदेश देणाऱ्या बाल कल्याण समितीपुढे आई आणि मुलाला घेऊन जाणं, आदेश मिळाला की त्याच्या नूतनीकरणाची तारीख लक्षात ठेवणं, हे आमचं रोजचं. या अर्जाला पालकांसोबत घरासमोर उभं राहून काढलेला पोस्टकार्डाच्या मापाचा फोटो लागतो. घर भाड्याचं असेल तर मालक म्हणतो, माझ्या दारात सरकारी फोटो नको. असे फोटो काढण्यात आमचे दिवस जातात. मंत्रालय आमच्या डोक्यातच नव्हतं.

विश्वस्तांच्या बैठकीत थकलेल्या हप्त्यांसाठी मुंबईला जायचा विषय काढला तर पहिला प्रश्न आला : हे राजकारण होत नाही ना? दुसरा प्रश्न, अनुदान बंद झालं तर? पहिल्याचं उत्तर सोपं होतं. आपण कुणाचा प्रचार करत नाही, सरकारच्याच योजनेचे पैसे सरकारच्याच नियमाप्रमाणे मागतोय. दुसऱ्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. शेवटी असं ठरलं की एकट्याने जायचं नाही, शेजारच्या जिल्ह्यांतल्या संस्थांना सोबत घ्यायचं. एकाचं नाव पुढे आलं की त्याच्यावर डूख धरला जातो, दहा नावं असली की कुणावर धरणार?

मग आम्ही तक्ता करायला घेतला, आणि सगळा वेळ त्यातच गेला. प्रत्येक मुलाचं नाव, समितीच्या आदेशाची तारीख, पहिला हप्ता कधी जमा झाला, शेवटचा कोणत्या महिन्याचा. ऐकायला सोपं वाटतं. पण पासबुकात "बालसंगोपन" असं कुठे लिहिलेलं नसतं. इंग्रजी अक्षरं, आकडे, पुढे रक्कम, आणि शाई इतकी फिकट की उन्हात धरून वाचावं लागायचं. एका ताईंच्या खात्यावर संजय गांधी निराधारचे पैसे यायचे, मुलाच्या नावावर बालसंगोपनाचे, आणि बँकेने दोन्ही पासबुकं एकाच प्लास्टिकच्या कव्हरात घालून दिली होती. कोणते पैसे कशाचे हे त्यांना दोन वर्षं कुणी सांगितलं नव्हतं. रकमेवरून ओळखायचं म्हटलं तर चार महिन्यांचे एकदम नऊ हजार आलेले. असे दुपारभर आम्ही अंगणात बसून भागाकार करायचो.

या तक्त्याला पर्याय नाही, असं आता माझं ठाम मत आहे. "गोरगरिबांचे पैसे तात्काळ द्या" अशी निवेदनं टेबलावर ढिगाने पडलेली असतात. त्यांच्यावर "योग्य त्या कार्यवाहीसाठी" असा शेरा पडतो आणि ती जिथून निघाली त्याच जिल्ह्यात परत येतात. आमचंही पहिलं निवेदन असंच फिरून आमच्याकडे आलं, आमच्याचकडून अहवाल मागवणाऱ्या पत्रासह!

मुंबईला पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगून ठेवते. ही योजना चालवणारा महिला व बाल विकास विभाग मंत्रालयाच्या मुख्य इमारतीत नाही. तो समोर, मादाम कामा रोडच्या पलीकडे नवीन प्रशासकीय भवनात तिसऱ्या मजल्यावर आहे. पास काढायला चुकीच्या रांगेत उभं राहू नका. आणि सचिवांना भेटायचा हट्ट धरू नका. फाईल जन्माला येते ती कक्ष अधिकाऱ्याच्या टेबलावर. तिथून अवर सचिव, उपसचिव, मग सचिव, आणि पैशांचा विषय असला की वित्त विभाग. खालच्या टेबलावर टिपणी नीट लिहिली गेली नाही, तर वर कितीही गोड बोलणं झालं तरी ते हवेत जातं.

आम्हाला भेटलेल्या कक्ष अधिकारी मॅडमनी निवेदन बाजूला ठेवलं आणि तक्ता पुढे ओढला. बोट खाली नेत नेत एका ठिकाणी थांबल्या. "या ओळीत आदेशाची तारीख नाही. मग थकबाकी कधीपासूनची धरायची?" उत्तर नव्हतं. मग त्यांनी समजावलं : आठमाही सुधारित अंदाज तयार होतात तेव्हा पहिल्या आठ महिन्यांचा खर्च आणि उरलेल्या चार महिन्यांची गरज मांडावी लागते. जिल्ह्याकडून मुलांची संख्या कमी कळवली गेली तर वरून जास्त पैसे मागायला आधारच राहत नाही. पुरवणी मागणीचं, म्हणजे वर्षाच्या मध्येच अधिवेशनात वाढीव निधी मंजूर करून घेण्याचंही तेच. म्हणजे हिवाळी अधिवेशनात ओरडून उपयोग होण्यासाठी त्याआधीच जिल्ह्याचा आकडा बरोबर गेलेला असायला हवा. आम्ही परत येऊन जिल्ह्यातच बसलो, मंजूर पण पैसे न मिळालेल्या मुलांची यादी कार्यालयाच्या यादीशी ओळीने ओळ ताडून पाहिली. फरक निघाला. कुणाचा दोष, हे उकरत बसलो नाही. यादी दुरुस्त होऊन गेली एवढं पाहिलं.

दुसरी वाट विधिमंडळाची. आमच्या भागातल्या एका आमदारांच्या पीएने तारांकित प्रश्न, म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा प्रश्न, टाकायची तयारी दाखवली, फक्त मसुदा आम्हीच द्यायचा. त्या भाषेला एक ठरलेला साचा आहे : "(1) अमुक जिल्ह्यातील बालकांचे अनुदान प्रलंबित आहे, हे खरे आहे काय, (2) असल्यास, याबाबत चौकशी केली आहे काय, (3) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?" अधिवेशन सुरू होण्याच्या कितीतरी आधी हा प्रश्न गेलेला असावा लागतो. अधिवेशन जाहीर झाल्यावर जागे होणाऱ्यांसाठी लक्षवेधी आणि औचित्याचा मुद्दा, हे ऐनवेळी विषय मांडायचे मार्ग उरतात. आमचा प्रश्न यादीत खाली होता, सभागृहात पुकारला गेलाच नाही. पण यादीतल्या उरलेल्या प्रश्नांची उत्तरंही छापली जातात, आणि मला तर ती जास्त मोलाची वाटतात. पहिल्या भागाला "हे अंशतः खरे आहे", शेवटच्याला "प्रश्न उद्भवत नाही". मधल्या भागात मात्र निधी उपलब्ध करून देण्याची कार्यवाही सुरू असल्याचं एक वाक्य होतं. त्या वाक्याची झेरॉक्स आम्ही पुढच्या प्रत्येक पत्राला जोडली.

आमच्यातच खरा वाद झाला तो संस्थांच्या पैशांवरून. या योजनेत मुलाच्या 2250 रुपयांखेरीज संस्थेला प्रति बालक महिन्याला 250 रुपये आहेत, गृहभेटी आणि पाठपुराव्यासाठी. आधी 125 होते, त्याच्याही आधी 75. हे पैसेही निवेदनात मागायला अर्ध्याहून जास्त संस्था तयार नव्हत्या. लोक म्हणतील, लेकरांच्या नावावर स्वतःचं मागतायत. मला हे सोवळं पटत नाही. वाडीवर जायला एसटी दिवसातून दोनदा, ती चुकली की वडाप. आमची कार्यकर्ती महिन्यातून एकदा तरी दारात जाते म्हणून मूल शाळेत आहे की ऊसतोडीला गेलंय हे समितीला कळतं. तिचा प्रवासखर्च मागायला कसली लाज? एका ज्येष्ठ ताईंनी वाद मिटवला : "मुलांची मागणी एक नंबरला, आपली दोन नंबरला, पण कागद एकच." तसंच केलं.

मार्चअखेरीला थकबाकीचा मोठा भाग जमा झाला. आमच्या निवेदनामुळे झाला, की दरवर्षी मार्चमध्ये कोषागारातून पैसे निघतात तसाच निघाला, हे छातीठोक सांगता येणार नाही. दोन नंबरची मागणी अजून फायलीत आहे. टिपणी वित्त विभागाकडे गेली की नाही एवढं कळण्यासाठी माहिती अधिकाराचा अर्ज टाकलाय.

सध्या आम्ही पुढच्या आठमाहीसाठी तक्ता भरतोय. या वेळी आदेशाच्या तारखेसोबत नूतनीकरणाच्या तारखेचा रकाना वाढवलाय, कारण मुदत संपलेल्या आदेशावरची थकबाकी मागता येत नाही असं आम्हाला तोंडी सांगण्यात आलंय आणि ते लेखी द्या म्हटलं तर कुणी देत नाही. कुठल्या जिल्ह्यात असं लेखी पत्र मिळालं असेल तर त्याचा जावक क्रमांक कळवा.