उन्हाचे चाळीस, तापाचे एकशे चार

मे महिन्याच्या दुपारी टीव्हीवर खालची पट्टी सरकत असते. चंद्रपूर ४५, अकोला ४४, पुणे ४०. त्याच घरात आतल्या खोलीत कुणीतरी चादर ओढून पडलेलं असतं. स्वयंपाकघरातून प्रश्न येतो, "किती आहे गं?" आणि उत्तर जातं, "एकशे एक." एका छपराखाली दोन मापं नांदतात आणि कुणालाच त्यात वावगं वाटत नाही. ऊन सेल्सिअसमध्ये तापतं, माणूस फॅरनहाइटमध्ये. दशमान पद्धत आली तेव्हा शेर गेले, मैल गेले, आणे गेले. ताप मात्र जागचा हलला नाही.

आईला सांगा, "३९ ताप आहे." ती नुसती बघत राहील. "१०२" म्हणा, ती कोलन वॉटरची बाटली शोधायला उठलेली असेल. दोन्ही आकडे एकच, पण पोटात गोळा एकालाच येतो.

याला जबाबदार तो पाऱ्याचा थर्मामीटर. प्लॅस्टिकच्या नळीत, तळाशी कापसाचा बोळा, कपाटात उंचावर, मुलांच्या हाताला लागणार नाही असा. वापरण्याआधी धुवायचा तो गार पाण्याने. मापं १०८ पर्यंतच, म्हणजे सेल्सिअसमध्ये ४२ च्या जरा वर, त्यामुळे कढत पाण्याखाली धरला की काच तडकलीच. मग मनगटाला हिसका देत झटकायचा. पाऱ्याच्या फुग्याच्या वर नळीला एक बारीक कंठ असतो. काखेतून काढल्यावर पारा तिथे तुटतो आणि वरचा भाग चढला तिथेच थांबतो, म्हणून सावकाश वाचता येतो आणि म्हणूनच पुढच्या वेळी झटकावा लागतो. ९६ च्या खाली उतरवला नाही, तर कालचाच ताप आज पुन्हा दिसतो. वाचायचा तो खिडकीशी उभं राहून, दोन बोटांत हळूहळू फिरवत. काच तिकोनी असते; ठरावीक कोनात आली की केसाएवढी रेघ एकदम रुंद, चंदेरी होऊन चमकते. दोन अंशांमध्ये पाच घरं, एकेक घर दोन पॉइंटचं. आणि ९८.६ पाशी तो छोटा बाण.

त्या बाणाचा दरारा जरा जास्तच आहे. जर्मन डॉक्टर वुंडरलिश यांनी १८६८ साली हजारो रुग्णांच्या नोंदींवरून माणसाचं सर्वसाधारण तापमान ३७ सेल्सिअस ठरवलं. ३७ हा गोळाबेरीज आकडा, अर्धा अंश इकडेतिकडे गृहीत धरूनच. तो फॅरनहाइटमध्ये नेला तेव्हा गणिताने निघाला ९८.६, आणि दशांश चिन्ह दिसल्याबरोबर लोकांना तो काट्याच्या तोलाचा वाटू लागला. १९९२ मध्ये अमेरिकेत निरोगी माणसांची पुन्हा मोजणी झाली तेव्हा सरासरी आली ९८.२. शिवाय सकाळी कमी, संध्याकाळी जास्त हे रोजचंच. त्यामुळे "९८.८ आहे, कणकण दिसतेय" हे घराघरांतलं निदान फारसं मनावर घेऊ नये.

आता गणित. शाळेतलं सूत्र सगळ्यांना येतं: नऊने गुणा, पाचाने भागा, ३२ मिळवा. रात्री दोन वाजता कण्हणाऱ्या पोराशेजारी ते कुणालाही येत नाही. तापासाठी त्याची गरजही नाही, एक शिडी पाठ असली की पुरे. ३७ म्हणजे ९८.६. पुढे सेल्सिअसची एक पायरी चढलात की इकडे दोन चढायचं आणि दोन पॉइंट उतरायचं. ३८ ला १००.४, ३९ ला १०२.२, ४० ला बरोबर १०४, ४१ ला १०५.८. पाऱ्याच्या थर्मामीटरवर हे दोन पॉइंट म्हणजे नेमकं एक घर. डॉक्टर "३८ च्या वर गेला तर औषध द्या" म्हणाले, तर आपला आकडा १००.४.

खरी गफलत काखेत होते. काखेतलं माप तोंडातल्यापेक्षा कमी येतं, म्हणून "एक मिळवायचा" ही पिढीजात रीत. हा एक फॅरनहाइटमधला, आणि तोही ढोबळच. डिजिटल थर्मामीटर सेल्सिअसवर असेल आणि कुणी ३७.८ मध्ये सवयीने एक मिळवून ३८.८ सांगितलं, तर प्रत्यक्षात १.८ मिळवले गेले. १०० चा ताप १०१.८ झाला. सेल्सिअसमध्ये मिळवायचाच असेल तर अर्धा. त्याहून बरं म्हणजे काहीच न मिळवता "काखेत इतका" असं डॉक्टरांना सांगावं. आणि यंत्र आपोआप सेल्सिअसवर गेलं असं वाटलं तरी ते बिघडलेलं नसतं. बऱ्याच थर्मामीटरांत एकच बटण असतं आणि ते जास्त वेळ दाबून धरलं की माप बदलतं. पोरं तेच करतात.

उन्हाचं तसं नाही. तिथे भाषांतर लागतं ते न्यू जर्सीतल्या भावाशी फोनवर बोलताना. "इकडे पंच्याऐंशी झालंय, भाजून निघतोय," असं तो म्हणतो आणि नागपूरकर तोंड दाबून हसतो, कारण ते तिशीच्याही आतलं आहे. दुप्पट करून तीस मिळवायची युक्ती सगळे सांगतात. ती १० अंशांना तंतोतंत बरोबर, पुण्याच्या थंडीत चालून जाते आणि विदर्भात गोत्यात आणते: ४५ चे तिने १२० केले, खरे ११३. दुप्पट करा, त्यातून दहावा भाग काढा, मग ३२ मिळवा. ४५ चे ९०, नऊ गेले ८१, आणि ३२ मिळून ११३. एवढंही नको असेल तर आकडे उलटे करा: १६ चे ६१, २८ चे ८२. बाकीच्या आकड्यांवर हा प्रयोग करू नये.

ओव्हनला तर सूत्रच नको. अमेरिकन पाककृतीतला ३५० चा केक निम्मा करून १७५ वर लावा, उत्तर १७७ आहे. ३२० ला निम्मं अगदी अचूक येतं, ४०० ला चारेक अंश कमी पडतात. ओटीजीचा काटा एरवीही त्याहून जास्त खोटं बोलतो. पाकाचं मात्र असं नाही. तिथे तीन अंशांत एकतारीचा दोनतारी होतो, तेव्हा थर्मामीटरवर ज्या मापाचे आकडे आहेत त्याच मापाची कृती शोधावी.

बत्तीस मिळवायचे ते तापमानाला, फरकाला नाही. "पारा दोन अंशांनी वाढला" म्हणजे ३.६ फॅरनहाइटने वाढला. हे विसरून कुणी ३५.६ ने वाढला असं छापलं तर पुण्याची भट्टी होईल.

किनारपट्टीवर उष्णतेची लाट जाहीर करायला हवामान खातं किमान ३७ अंश आणि नेहमीपेक्षा साडेचारांची वाढ धरतं. ३७, म्हणजे त्या बाणावरचे ९८.६. बाहेरची हवा अंगाएवढी तापली की अंगातली उष्णता हवेत जायची थांबते. उरतो फक्त घाम, आणि दमट हवेत तोही वाळत नाही. मग शरीर आतून ४० च्या वर जातं. हा उष्माघात. अशा वेळी काखेतला आकडा भलताच कमी दाखवू शकतो, त्यामुळे १०२ वाचून निर्धास्त होऊ नये. माणूस असंबद्ध बरळायला लागला, तोल जाऊ लागला, तर तेवढं पुरे. पॅरासिटामॉलने हा ताप उतरत नाही, तो आजाराचा ताप नव्हेच. सावलीत आणायचं, कपडे सैल करायचे, अंगभर गार पाणी ओतत पंखा लावायचा आणि त्याआधी कुणाला तरी १०८ ला फोन लावायला सांगायचं. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालायचं नाही.